पिनकोड बदलून पाहा

माझ्या घड्याळाला माझी फार काळजी. तासभर खुर्चीत बसलो की ते मनगटावर गुरगुरतं आणि ‘उठा’ म्हणतं. रात्री कितीदा जाग आली याचा हिशेब सकाळी चहाच्या आधी मांडतं. परवा भाचीच्या वरातीत चार पावलं नाचलो, तर ‘ठोके वाढलेत, बरे आहात ना?’ अशी विचारपूस झाली. सख्ख्या मेहुण्यानं इतक्या वर्षांत केली नव्हती. बोट टेकवलं की ते ईसीजीही काढतं. मला काहीही झालेलं नसल्यामुळे मी तो दिवसातून तीन-चार वेळा काढतो. गावाकडच्या आमच्या चुलत्यांचा उभ्या आयुष्यात एकच ईसीजी निघाला. तोही जीपमध्ये घालून तालुक्याला नेल्यावर. त्यात रेघ सरळ होती.

तंत्रज्ञान तळागाळापर्यंत पोचत नाही असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पोचतं की! डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ड्रोननं तीनशे लशी पोचवल्या. रस्त्यानं 40 मिनिटांहून जास्त लागली असती, ड्रोनला नऊ मिनिटांच्या आसपास लागली. आम्ही पुण्यात बसून टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात त्याच जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात एका ओल्या बाळंतिणीला झोळीत घालून तीनेक किलोमीटर पायी न्यावं लागलं. पाड्याला रस्ता नव्हता. तिची जुळी वाचली नाहीत. त्या बातमीवर टाळ्या वाजवता येत नाहीत, म्हणून आम्ही पान उलटलं. ड्रोनला रस्ता लागत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. रस्त्याच्या फायलीवर बसलेल्यांना तो विशेष आवडतो.

पण दुसऱ्यांची उणीदुणी काढणं सोपं. आज मी माझा पराक्रम सांगणार आहे.

2021 चा मे महिना आठवा. पहिल्या तारखेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांना लस खुली झाली. अट एकच, कोविनवर आधी नाव लावा, वेळ घ्या, मग या. माझं वय तेव्हा 43, म्हणजे सरकारी हिशेबानं मी तरुण. पोर्टल सगळ्यांना सारखंच उघडं होतं. फायबरचं इंटरनेट घेऊन वातानुकूलित खोलीत बसलेल्यालाही आणि रेंज शोधत टेकाडावर चढलेल्यालाही. दोघांनी एकाच क्षणी पळायला सुरुवात करायची होती. शिवाय पोर्टल तेव्हा इंग्रजीत होतं. मराठीसकट बाकीच्या भाषा आल्या जूनमध्ये. आजाराला भाषा लागत नाही, प्रतिबंधाला लागते, एवढंच.

आमच्या सोसायटीनं मात्र देशाला निराश केलं नाही. ‘लस मिळाली का लस’ नावाचा ग्रुप निघाला. सी विंगमधल्या आयटीवाल्या पोरानं एक स्क्रिप्ट लिहिली. कुठंही जागा मोकळी झाली की त्याचा लॅपटॉप शंख फुंकायचा. मग एकेका घरात तीन-तीन फोन हातात, तोंडात ‘ओटीपी आला का, ओटीपी?’ पूर्वी रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून माणूस चहाला जायचा, तशी आम्ही अंगठे ठेवून रांग अडवली. शहरातल्या जागा तरीही अर्ध्या मिनिटात संपायच्या. तेव्हा त्याच पोरानं तो ऐतिहासिक सल्ला दिला. ‘काका, पिनकोड बदलून पाहा.’

बदलला. काय सांगू, पलीकडे नंदनवन! घाटापलीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जागाच जागा. हिरव्या रंगात आकडे चमकत होते. तिथल्या लोकांना लस नको असावी, असा निष्कर्ष आम्ही तिथल्या तिथे काढला. ‘खेड्यात जागरूकता नाही हो,’ असं एका निवृत्त बँक मॅनेजरांनी लिहिलं आणि त्यांच्या मुलासाठी सकाळी अकराची वेळ घेतली. दोन दिवसांत ग्रुपवर एक्सेलची फाइल फिरू लागली. केंद्र, अंतर, गर्दी, पार्किंग. शेरा या रकान्यात: ‘हॉटेलं बंद, डबा न्यावा. नदीकाठ छान.’

ज्याच्या हाती ओटीपी तो पारधी. एका मोबाइल नंबरावर चार जणांची नोंद व्हायची. माझ्या नंबरावर मी, बायको, मेहुणा (हाच तो) आणि तिसऱ्या मजल्यावरची परदेशी शिकायला निघालेली मुलगी. चारही घरं भरली. समाजकार्य पुरं झालं.

त्याच महिन्यात हा विषय सर्वोच्च न्यायालयात निघाला. ज्यांच्याकडे फोन नाही, इंटरनेट नाही, त्यांनी काय करायचं? केंद्र सरकारचं म्हणणं पडलं की त्यांनी कुटुंबीयांची, मित्रांची, स्वयंसेवी संस्थांची किंवा कॉमन सर्व्हिस सेंटरची मदत घ्यावी. वाचून ऊर भरून आला. सरकारचा माणसाच्या मैत्रीवर इतका विश्वास असेल अशी कल्पना नव्हती.

तर आम्ही गाडी काढली. दीड तासाचा रस्ता, करवंदीच्या जाळ्या, खाली धरणाचं आटलेलं पाणी. बायकोनं दोनदा खिडकी उघडून ‘काय हवा आहे!’ म्हटलं. आरोग्य केंद्राच्या आवारात गेलो तर आंब्याखाली गाड्या उभ्या. सगळ्या पाट्या एमएच बारा आणि चौदा. ओळखीचे चेहरे निघाले. लग्नाला आल्यासारखे आम्ही एकमेकांना मास्कमधून हसलो.

व्हरांड्यात गावची माणसं होती. पंचेचाळिसाच्या वरची, दुसऱ्या डोससाठी आलेली. सकाळी सातपासून बसलेली. त्यांचा कोटा वेगळा आणि त्या दिवशी तो आलाच नव्हता. आला होता तो आमचा. आशाताई एका म्हाताऱ्या बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत होत्या. बोट कसलं, वाळल्या फांदीचं टोक. भेगा पडलेलं, मातीनं काळवंडलेलं. यंत्र बराच वेळ आकडा शोधत राहिलं. ताईंनी बोट चोळलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं. मग 95 आला. ‘चांगलाय,’ त्या म्हणाल्या आणि वहीत लिहिलं. मी ज्ञानी माणूस. मिशिगनमधल्या डॉक्टरांचा अभ्यास डिसेंबर 2020 मध्ये छापून आला होता आणि मी तो वाचला होता. ऑक्सिजन खरोखर उतरलेला असताना यंत्रानं ‘ठीक आहे’ म्हणण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांमध्ये जवळपास तिप्पट. यंत्र कातडीच्या पलीकडे बघण्यासाठी केलेलं, पण अडतं कातडीपाशीच. हे ज्ञान मी तिथे कुणाला दिलं नाही. माझं स्वतःचं ऑक्सिमीटर खिशात होतं, त्यावर 98 दिसत होता.

डेटा भरणारा मुलगा केंद्रात नव्हताच. तो पाण्याच्या टाकीवर चढून बसला होता, कारण रेंज फक्त तिथे यायची. खालून सिस्टर नाव आणि शेवटचे चार आकडे ओरडून सांगायच्या, वरून तो ‘सापडलं!’ म्हणायचा. देशाची डिजिटल लसीकरण मोहीम त्या टाकीवर उकिडवी बसली होती. उन्हात डोक्यावर टॉवेल घेऊन.

‘पावणं, कुठनं आलं म्हणायचं?’ बाबांनी विचारलं.

‘पुण्याहून.’

‘एवढ्या लांबनं? उन्हातानाचं?’ त्यांनी बाकावर सरकून जागा केली. मग बाजूच्या बाईला म्हणाले, ‘अगं, त्यांना आधी जाऊ दे. लांबची माणसं हायेत.’

आम्ही आधी गेलो. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

पुढे सगळं सुधारलं. 24 मेपासून सरकारी केंद्रांवर अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांना जागेवर नोंदणी करून लस देण्याची मुभा मिळाली. अर्थात राज्यानं तोवर, 12 मेलाच, या वयोगटाचं लसीकरण साठ्याअभावी थांबवलं होतं. आमची सोसायटी पहिला डोस पोटात (खरं तर दंडात) घालून निवांत होती. आता तर प्रत्येकाला चौदा आकडी आभा क्रमांक मिळतो. आपल्या सगळ्या तपासण्यांचे कागद एका ठिकाणी राहावेत म्हणून. माझ्या खात्यात अकरा रिपोर्ट आहेत. बाबांनीही कार्ड काढलं असेल, तर त्यात काय साठलं असेल याचा मी अंदाज करत नाही. तपासणी झाली तर रिपोर्ट, आणि रिपोर्ट झाला तर तो ठेवायला जागा. सरकारनं शेवटच्या टोकापासून काम सुरू केलं आहे, इतकंच.

एक गोष्ट सांगायची राहिली. दंडावर कापूस दाबून मी गाडीकडे निघालो, तेव्हा आशाताई मागून आल्या. सोबत बाबांचा मुलगा होता. तिशीच्या आतला, दूधडेअरीच्या टेम्पोवर जाणारा, रोज शहरात कॅन पोचवणारा. आमच्याच दारात पोचवत असेल, कुणास ठाऊक.

‘साहेब,’ ताई म्हणाल्या, ‘ह्याचं नाव तुमच्या मोबाइलवरून लागंल का? आमच्याकडं साधा फोन हाय. एका नंबरावर चौघांचं होतं म्हणे.’

मी फोन काढला. पडद्यावर चार नावं होती. बायको, मेहुणा, तिसऱ्या मजल्यावरची मुलगी, मी. फोन जरा तिरका धरला, उन्हामुळे दिसत नाही असं दाखवत. मग वर कोपऱ्यात पाहिलं.

‘रेंज नाही हो इथे,’ मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. मुलगा हसला आणि टाकीकडे बोट करून म्हणाला, ‘तिथं येती.’