एक आण्याचं विमान

आमच्या गावच्या सामाईक विहिरीत आमच्या घराचा चार आणे हिस्सा आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तशी नोंदच आहे. रुपयाचे शंभर पैसे 1957 सालीच झाले, पण विहिरीच्या बाबतीत गाव अजून आण्यातच बोलतं. चौघे वाटेकरी, प्रत्येकी चार आणे. मोटारघराच्या आतल्या भिंतीवर खडूनं पाळ्या लिहिलेल्या असतात: कुणाची कधी, किती तास. त्याखाली वीजबिलाचे आकडे. गेल्या उन्हाळ्यात मोटार जळली. रिवाइंडिंगला टाकली, बिल आलं, आधी भांडण झालं, मग चार वाटे पडले. ज्यांनी पाणी घेतलं त्यांनीच पैसे दिले. पाचव्या कुणाच्या दारात कुणी गेलं नाही.

विहीर आठवली ती विमानामुळे.

अमेरिकेत खासगी जेट विमान हिश्श्यानं विकत मिळतं. सगळ्यात लहान हिस्सा किती असावा, हे तिथल्या विमान वाहतुकीच्या नियमांतच लिहिलेलं आहे: विमानाचा सोळावा भाग. हेलिकॉप्टरचा बत्तिसावा. म्हणजे आपल्या भाषेत विमानात एक आणा, हेलिकॉप्टरमध्ये अर्धा आणा. एक विमान वर्षाला 800 तास प्रवासी नेईल असं धरतात, त्यातले 50 तास एक आणेवाल्याचे. हिश्श्याची किंमत एकरकमी मोजायची. त्यावर दरमहा देखभालीचा आकार, आणि विमानात बसाल त्या प्रत्येक तासाचे पैसे वेगळे. साधारण पाच वर्षांनी हिस्सा त्याच कंपनीला त्या वेळच्या बाजारभावानं परत विकून मोकळं व्हायचं.

ही पद्धत रिचर्ड सांतुली या माणसानं बसवली. मूळचा गणिती, गोल्डमन सॅक्समध्ये काम केलेला. 1984 साली त्यानं एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन ही कंपनी विकत घेतली. कंपनी 1964 पासूनची. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक पॉल टिबेट्स 1976 साली तिचे अध्यक्ष झाले होते, यावरून तिथं कसली माणसं येत होती ते कळावं. सांतुलीनं कंपनीच्या जुन्या उड्डाणांच्या नोंदवह्या काढल्या आणि गणित मांडलं. सगळे मालक एकाच वेळी विमान मागत नाहीत. मग सगळ्यांची विमानं एका ताफ्यात घातली, शिवाय कंपनीची स्वतःची थोडी जास्त ठेवली, तर कुणालाही काही तासांच्या निरोपावर विमान देता येईल. तुमच्या हिश्श्याचं विमान डेन्व्हरला अडकलं असेल, तर त्याच जातीचं दुसरं तुमच्या दारात येईल. 1986 साली हे सुरू झालं. नाव नेटजेट्स.

भागीचं घोडं किवणानं मरतं, असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. घोडा सगळ्यांचा, म्हणून जखम कुणीच धुवायची नाही. सांतुलीनं घोड्याला पागा दिली आणि पगारी मोतद्दार दिला. वैमानिक, तंत्रज्ञ, विमा, हँगर, सगळं कंपनीकडे. वाटेकऱ्यांनी एकमेकांची तोंडंही पाहायला नकोत. मी या माणसाच्या बुद्धीला मनापासून दाद देतो. आमच्या विहिरीच्या चार घरांना साठ वर्षांत जमलं नाही ते त्यानं अनोळखी सोळा जणांत जमवलं.

नेटजेट्सच्या विमानाच्या शेपटीकडे कधी पाहा. अमेरिकेतलं विमान म्हणून नोंदणी क्रमांक एन या अक्षरानं सुरू होतो आणि क्यूएस या दोन अक्षरांनी संपतो. क्यूएस म्हणजे क्वार्टर शेअर, पाव हिस्सा. आपले चार आणे. मालकीचा वाटा तिथं शेपटीवर रंगवलेला आहे. आणि माझी हरकत नेमकी या मालकी शब्दाला आहे.

एक आणेवाला खरोखर मालक आहे का? 2003 साली अमेरिकेनं या विमानांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार हिस्सेदार आपल्या कामासाठी विमानात बसला की त्या उड्डाणाचं नियंत्रण आणि जबाबदारी त्याची मानली जाते. हे मला समजलं, असं त्याला सहीनिशी लिहून द्यावं लागतं. दुसरा कागद याहून नवलाचा: सगळे हिस्सेदार आपापली विमानं एकमेकांना वैमानिकाविना वापरायला देतात, असा अदलाबदलीचा करार. प्रत्यक्षात हा गृहस्थ फोन करतो, गाडीतून थेट शिडीपाशी उतरतो, बसतो, पोचतो. वैमानिक कोण ते त्यानं ठरवलेलं नसतं, विमान कुठलं येणार हेही नाही. मागच्या खुर्चीत फाईल उघडून बसलेल्या माणसाला उड्डाणाचा चालक म्हणायचं, हे मला पटत नाही. तो प्रवासी आहे. चांगला, सधन, घाईत असलेला प्रवासी.

मग मालकीचा एवढा आटापिटा कशाला? उत्तर कराच्या खिडकीवर मिळतं.

अमेरिकेत साध्या विमानानं जाणारी शाळामास्तरीण तिकिटावर साडेसात टक्के कर भरते, शिवाय प्रत्येक टप्प्याला ठरावीक रक्कम. त्या पैशातून विमानतळ आणि आकाशातली वाहतूक सांभाळणारी यंत्रणा चालते. हिस्सेदार मालक ठरला की तिकीटच उरत नाही. या पद्धतीच्या उड्डाणांना तिकीट-कर लावायचा की नाही यावर बरीच वर्षं वाद चालला. 2012 साली कायद्यानं तो मिटवला: तिकिटावर कर नाही, इंधनावर नेहमीच्या करासोबत गॅलनमागे 14.1 सेंटचा अधिभार. मनोऱ्यातल्या माणसाला पडद्यावर दोन्ही विमानं सारखीच दिसतात. तो दोघांकडे तेवढंच लक्ष देतो. इन्स्टिट्यूट फॉर पॉलिसी स्टडीज या अमेरिकी संस्थेनं 2023 च्या अहवालात मांडलं होतं, की ही यंत्रणा जी उड्डाणं हाताळते त्यांतलं दर सहावं खासगी जेटचं असतं आणि तिला चालवणाऱ्या करातला त्यांचा वाटा जेमतेम दोन टक्के.

ही झाली एक खिडकी. मोठी खिडकी घसाऱ्याची.

धंद्यासाठी घेतलेली वस्तू झिजते, म्हणून तिची किंमत वर्षावर्षानं खर्चात दाखवू द्यायची, हा घसारा. तत्त्व रास्त आहे. पण 2017 च्या अमेरिकी कायद्यानं ही झीज पहिल्याच वर्षी शंभर टक्के धरायची मुभा दिली आणि ती जुन्या, वापरलेल्या विमानालाही दिली. पुढे टक्केवारी पायरीपायरीनं उतरली: 2023 ला 80, 2024 ला 60. जुलै 2025 मध्ये नवा कायदा आला आणि 19 जानेवारी 2025 नंतर घेतलेल्या मालमत्तेला पुन्हा शंभर टक्के, तेही कायमचे. विमानाच्या हिश्श्यालाही हे लागू होतं, कारण हिस्सेदार मालक आहे ना!

हिशेब करू. कंपनीनं 10 लाख डॉलरचा हिस्सा घेतला आणि तो पूर्णपणे कामासाठीच वापरला असं धरा. तिथला कंपनी-कर 21 टक्के. पहिल्याच वर्षी 2 लाख 10 हजार डॉलरचा कर वाचला. पुढे हिस्सा विकताना आलेल्या पैशावर कर बसतो, हे मान्य. तोवर ती रक्कम सरकारी तिजोरीऐवजी कंपनीकडे बिनव्याजी राहते. आणि विमान त्या पहिल्या वर्षात किती झिजलं? पाच वर्षांनी तेच विमान चांगल्या किमतीला विकलं जातं, यातच उत्तर आहे.

सोळा आण्यांचे सोळा मालक म्हणावेत, तर मला तिथं सतरावा दिसतो. तो विमानात कधी बसत नाही. त्याला शिडी माहीत नाही, खुर्ची माहीत नाही. त्याचा आणा कुठल्याच करारात लिहिलेला नाही. त्याच्या खिशातून मात्र दरवर्षी वाटा जातो. आमच्या विहिरीवर असा पाचवा वाटेकरी कुणी उभा केला असता, तर गावानं त्या रात्रीच स्टार्टरचे फ्यूज काढून नेले असते.

कामासाठी आणि मौजेसाठी यांतली रेष कोण आखतो? घसारा मिळतो तो धंद्याच्या वापराला. पण मंगळवारी कारखाना पाहायला गेलेलं विमान शनिवारी सगळ्या घराला घेऊन समुद्रकाठी जाऊ शकतं. अमेरिकेच्या कर खात्यानं फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केलं, की कंपन्यांच्या जेटचा खासगी वापर तपासण्यासाठी काही डझन लेखातपासण्या सुरू करणार. एवढ्या मोठ्या देशात काही डझन! माझ्या मते प्रश्न तपासनिसांच्या संख्येचा नाहीच. आधी पूर्ण सवलत द्यायची आणि मग मागाहून हुडकत बसायचं, ही पद्धतच उलटी आहे.

वॉरन बफे यांचं या बाबतीत मला कौतुक वाटतं. त्यांनी आधी आपल्या कंपनीसाठी जेट घेतलं, तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘द इनडिफेन्सिबल’, समर्थन करता न येण्याजोगं. 1995 साली त्यांनी नेटजेट्सच्या एका विमानात चार आणे हिस्सा घेतला आणि 1998 साली 72 कोटी 50 लाख डॉलरना ती कंपनीच घेऊन टाकली. श्रीमंतांवर जास्त कर लावा, असंही त्यांनी 2011 साली वर्तमानपत्रात सही करून लिहिलं. त्यांचं ते म्हणणं विमानाच्या हिश्श्यालाही लागू आहे, असं माझं मत आहे.

कुणी म्हणेल, धंद्याला वेळ लागतो, वेळेची किंमत असते. खरं आहे. अमेरिकेत हजारो लहान गावांना धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान जात नाही. तिथल्या कारखान्यात यंत्र बंद पडलं, तर जाणकार माणूस त्याच दिवशी पोचवायला हिश्श्याचं विमान उपयोगी पडतं. अख्खं विमान घेऊन उभं करून ठेवण्यापेक्षा हिस्सा घेणं शहाणपणाचं, यातही वाद नाही. पण स्टेफान ग्योस्लिंग आणि सहकाऱ्यांचा 2024 साली आलेला अभ्यास पाहा. 2019 ते 2023 या चार वर्षांत जगातल्या खासगी विमानांचा कार्बनचा धूर 46 टक्क्यांनी वाढला, आणि जवळजवळ निम्मी उड्डाणं 500 किलोमीटरच्याही आतली होती. मुंबईहून गोव्याला जाण्याएवढी. शिवाय माणूस उतरवल्यावर विमान पुढच्या वाटेकऱ्याकडे अनेकदा रिकामंच जातं. रिकाम्या फेरीचा तास कुणाच्या हिश्श्यात मोजत नाहीत. धूर मात्र सगळ्यांच्या हिश्श्याला येतो.

आता आपल्याकडे. हिश्श्याची मालकी भारतात अमेरिकेसारखी रुजलेली नाही. पण कर ठरताना विमानाच्या कपाळी कुठली पाटी आहे, यावर इथंही सगळं अवलंबून आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून स्वतःच्या वापराच्या विमानावर जीएसटी 40 टक्के. तेच विमान भाड्यानं प्रवासी नेण्यासाठी असेल तर 5 टक्के. खासगी नोंदणीचं विमान भाड्यानं देता येत नाही, आणि परवान्यावर घेतलेलं विमान मालकाच्याच घरी राबवलं जात नाही ना, हे पाहायला हवं. 35 टक्क्यांचा फरक असेल तिथं पाटी बदलण्याचा मोह होणार. अमेरिकेत मालक म्हणवून घेण्यात फायदा, इथं मालक न म्हणवून घेण्यात.

घसारा तर आपल्याकडेही आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या गाळ्यात शिरा. पत्र्याखाली लेथ, तेलात माखलेला चक, खाली कुरळ्या चुऱ्याचा ढीग, कर्ज काढून बसवलेलं यंत्र दोन पाळ्या फिरतंय. आपल्या आयकराच्या तक्त्यात त्या लेथला घसाऱ्याचा मूळ दर 15 टक्के. विमानाला 40. लेथवाला रोज झिजताना दिसतो, यंत्रही दिसतं. विमानाला अडीचपटीहून जास्त दर का, हे त्या गाळ्यात उभं राहून कुणी समजावून सांगावं.

उद्या हिश्श्याची विमानं इथंही वाढतील. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरचे कारखानदार एक-एक आणा घेतील. खुशाल घ्यावा. नियम करणाऱ्यांकडे मात्र माझं एक मागणं आहे. प्रत्येक उड्डाणात कोण बसलं, कुठे गेलं आणि कशासाठी, ही नोंद सक्तीची करा, आणि घसारा व सवलत फक्त कामाच्या तासांना द्या. उरलेल्या तासांचा सगळा कर वाटेकऱ्याकडून घ्या. आमच्या मोटारघराच्या भिंतीवर खडूनं एवढं लिहिलेलं असतं. सोळा आण्यांच्या विमानात ते लिहिणं अवघड नाही.