काय मेला तो ड्रॅगनचा सोस!

ऐकलंत का? थांबा, आधी दार लोटून घ्या, मुलं ऐकतायत. तिकडे चीन, तैवान, सिंगापूर, हाँगकाँगात चांगली शिकलीसवरलेली जोडपी म्हणे पंचांग उशाशी घेऊन निजतात! का, तर तिकडे दर वर्ष एकेका जनावराचं, आणि बाळ ड्रॅगनच्याच वर्षात व्हायला हवं. सशाच्या नको, मेंढीच्या तर नकोच नको. मागचं ड्रॅगनवर्ष १० फेब्रुवारी २०२४ ला लागलं आणि २८ जानेवारी २०२५ ला संपलं. त्यातून नऊ महिने मागे मोजायचे आणि... जाऊ दे, पुढचं चारचौघांत बोलण्यासारखं नाही.

हा चावटपणा आपापल्या घरात राहिला असता तर मी अवाक्षर काढलं नसतं. पण सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी नववर्षाच्या शुभेच्छा देता देता जोडप्यांना सुचवलं, की घरात छोटा ड्रॅगन आणायला ही वेळ चांगली आहे. देशाचे पंतप्रधान हो! आपल्याकडे असली चौकशी हळदीकुंकवाला आलेली लांबची मावशी करते, आणि तिच्याही पाठीमागे सुना नाक मुरडतात.

बरं, चीनमध्ये तर पाळणे हललेही. तिथे २०२३ साली ९०.२ लाख बाळं जन्मली होती, २०२४ मध्ये ९५.४ लाख. त्याआधी सात वर्षं आकडा सारखा घसरत होता. सरकारने जास्त मुलांवरची बंदी उठवली, सवलती दिल्या, पण पाळणा काही हलेना. करोनात खोळंबलेली लग्नं २०२३ मध्ये उरकली, त्याचं हे फळ, असं जाणकार म्हणतात. म्हणोत बापडे! मग २०२५ मध्ये सापाचं वर्ष लागताच आकडा ८० लाखांच्याही खाली का आपटला? आणि तैवानचं काय? २०१० मध्ये, वाघाच्या वर्षी, तिथे जेमतेम १.६७ लाख जन्म. दोनच वर्षांनी, ड्रॅगनच्या वर्षी, २.२९ लाख. तिथे कुठला करोना आला होता?

पण खरा कहर पुढेच आहे. चिनी वर्ष चंद्रावर चालतं, वसंतारंभाचा दिवस मात्र सूर्यावर ठरतो, फेब्रुवारीच्या तीन-चार तारखेला. २०२४ मध्ये तो ड्रॅगनवर्ष लागण्याआधीच येऊन गेला, आणि पुढचा आला तो वर्ष संपल्यावर. अख्ख्या वर्षात वसंतारंभच नाही! अशा वर्षाला तिकडे विधवावर्ष म्हणतात, आणि त्यात लग्न केलं की कुंकवाला धोका. चीनमधल्या लग्नांची नोंद त्या वर्षी ७६.८ लाखांवरून ६१ लाखांवर आली. तरुण माणसंच कमी झाली, घरं महागली, ही कारणं आहेतच म्हणा. पण म्हणजे पाळणा बांधायला वर्ष उत्तम आणि बोहल्यावर चढायला अशुभ! ही दोन्ही पथ्यं एकाच वर्षात कशी पाळायची, ते तुम्हीच सांगा. मी आपली कानांवर हात ठेवते.

आणि हसता काय? सिंहस्थात लग्न नको म्हणून मुहूर्त पुढे ढकलणारी घरं आपल्याकडे कमी होती का? सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, कारण गुरूला राशिचक्राची फेरी मारायला जवळपास बारा वर्षं लागतात. चिन्यांचं बारा वर्षांचं चक्रही त्याच गुरूच्या फेरीशी जोडलेलं. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना कामाला लावणारा ग्रह एकच. आपली संवत्सरं साठ, त्यांचंही चक्र साठांचं: बारा जनावरं आणि लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पाच तत्त्वं. यातलं अग्नीचं तेवढं लक्षात ठेवा, त्याने पुढे फार घोटाळा केलाय.

आता या बारा जणांची चाल पाहा, म्हणजे कोणाच्या नादी लागलेत हे कळेल. कथा अशी, की स्वर्गातल्या जेड सम्राटाने शर्यत लावली: नदी ओलांडून जो जसा येईल तसा त्याला वर्षाचा मान. पहिला कोण आला? उंदीर! पोहून नव्हे. भोळ्या बैलाच्या पाठीवर बसून आला आणि काठ दिसताच टुणकन पुढे उडी मारली. त्याआधी मांजराला उठवायचं कबूल करून झोपूच दिलं, म्हणून बिचाऱ्याला यादीत जागाच नाही. (व्हिएतनाममध्ये मात्र सशाच्या जागी मांजरच आहे.) साप घोड्याच्या खुराला वेटोळं घालून लपत आला आणि ऐनवेळी फुस्स करून पुढे सरकला. घोडा बिचकला, सातवा आला. उडता येत असूनही ड्रॅगन पाचवा, कारण म्हणे वाटेत पाऊस पाडायला थांबला होता. ही सबब कचेरीत उशिरा येणाऱ्याने दिली असती तर चालली असती का?

पण लबाडाला काय म्हणतात, तर चतुर आणि काटकसरी. बैल कष्टाळू, म्हणजे दुसऱ्यांना पाठीवर घेणारा. वाघ शूर, ससा सौम्य, साप शहाणा आणि देखणा, शिवाय लाडाने ‘छोटा ड्रॅगन’. माकड हुशार, कोंबडा वक्तशीर पण बढाईखोर, कुत्रा इमानी. डुक्कर खाऊनपिऊन सुखी आणि धनवान, ही एक रास मला मनापासून पटते. ड्रॅगन तर साक्षात सम्राटांचं चिन्ह, पण बारातला हा एकच कोणी कधी पाहिलेला नाही, आणि मागणी सगळ्यात जास्त त्यालाच!

नासी मोकान आणि हान यू या दोन अर्थशास्त्रज्ञांनी चीनमधल्या ड्रॅगनच्या मुलांचे मार्क तपासले. खरोखरच जास्त निघाले. मग गुण ड्रॅगनचा? छे! आईबाप अपेक्षा जास्त ठेवतात, वेळ आणि पैसा जास्त ओततात आणि घरकामाला हात कमी लावू देतात. पोरगं भांडी न घासता अभ्यासाला बसलं आणि श्रेय गेलं उडत्या सरड्याला!

मुलींच्या वाट्याला यातलं काय येतं, तेही ऐका. वाघाच्या वर्षी जन्मलेली असेल तर लग्नाच्या घरी नववधूच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा जुना दंडक. मेंढीच्या वर्षातली असेल तर कपाळकरंटी, दहातल्या नवांचं नशीब अपुरं. १९ फेब्रुवारी २०१५ ला मेंढीचं वर्ष लागायचं होतं, त्याआधी बाळ बाहेर काढा म्हणून किती जणींनी डॉक्टरांकडे तारखा मागितल्या! नवराबायकोत सहा वर्षांचं अंतर तर मुळीच नको. उंदराचं घोड्याशी, वाघाचं माकडाशी, ड्रॅगनचं कुत्र्याशी उभं वैर. आपल्या षडाष्टकाची ही सख्खी चुलत बहीण.

आणि आता जरा लाज सोडून बोलते. माणसाच्या स्वतःच्या जनावराचं वर्ष दर बारा वर्षांनी आलं, की ते त्याला लाभत नाही. त्यावर उतारा काय? लाल चड्डी. वर्षभर! तीही थोरामोठ्यांनी घेऊन दिलेली असेल तर जास्त गुणकारी. नववर्षाआधी दुकानांत ढीगच्या ढीग लागतात: लाल बनियन, लाल पट्टे, लाल मोजे. एका जातीच्या मोज्यांच्या तळव्यावर तर सोनेरी धाग्यात ‘कपटी माणूस पायाखाली तुडव’ अशा अर्थाची चिनी अक्षरं भरलेली असतात. म्हणजे सकाळी मोजा चढवला की दिवसभर कचेरीतला चहाडखोर तळपायाखाली, आणि समोर उभं राहून त्यालाच गोड हसून नमस्कार. हे मात्र आपल्याकडे यायला हरकत नाही. दिवाळीला दोन जोड मी स्वतः घेईन.

चीनच्या टपालखात्यालाही धीर नाही. १९८० साली माकडाचं आठ फेनचं तिकीट निघालं, लाल जमिनीवर काळं माकड. चित्रकार हुआंग योंगयू. त्यांचं पाळलेलं माकड गेलं होतं, त्याची आठवण म्हणून काढलेलं. त्या आठ फेनच्या तिकिटाला पुढे हजारो युआन मोजायला लोक रांगेत! मग २०२३ च्या सशाच्या वर्षासाठी पुन्हा त्यांनाच गाठलं. वय ९८. त्यांनी ससा काढला निळा. डोळे लालभडक, हात माणसाचे, एका हातात लेखणी, दुसऱ्यात पत्र. बाई बाई, काय गदारोळ! भूत म्हणाले, सैतान म्हणाले, पोरं घाबरतील म्हणाले. आणि तिकिटं? हातोहात संपली. पण म्हाताऱ्याला टीकेची कसली भीती घालता? सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांनी एक डोळा मिटलेलं घुबड काढलं, तेव्हा हे समाजवादाला डोळा घालतंय म्हणून त्यांच्यावर किटाळ आलं होतं. पुढे सशाचं तिकीट निघालं आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

आता ते अग्नीचं. दर साठ वर्षांनी अग्नी आणि घोडा एकत्र येतात. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट, कोणाचं न ऐकणारी आणि नवऱ्याला खाणारी, अशी समजूत जपानने उराशी धरली. मूळ नक्षत्राच्या मुलीबद्दल आपल्याकडे सासऱ्याच्या नावाने जे कुजबुजतात, तेच तिथे नवऱ्याच्या नावाने. याचं खापर फुटतं सतराव्या शतकातल्या ओशिची नावाच्या भाजीवाल्याच्या पोरीवर. आग लागली म्हणून घरच्यांबरोबर देवळात आसऱ्याला गेली, तिथल्या तरुणावर जीव जडला, आणि पुन्हा भेट व्हावी म्हणून पोरीने स्वतःच आग लावली. १६८३ मध्ये तिला जाळून मारलं. ती अग्निघोड्याची होती असं म्हणतात. तीन वर्षांत इहारा साइकाकू या लेखकाने तिला पुस्तकात आणलं, मग नाटकवाल्यांनी रंगमंचावर. एका पोरीचं प्रेम, आणि शिक्षा पुढच्या सगळ्या घोड्यांना!

१९०६ मध्ये जन्मलेल्या मुलींची लग्नं जमेनात. म्हणून १९६६ मध्ये जपानने कहर केला. १९६५ साली १८.२ लाख जन्म, १९६६ मध्ये १३.६ लाख, आणि १९६७ मध्ये परत १९.४ लाख. रेल्वे वेळेवर धावतात, ऑलिंपिक नुकतंच भरवलंय, टीव्ही घरोघरी आलाय, आणि साडेचार लाखांहून जास्त बाळं एका घोडीच्या भीतीने जन्मालाच आली नाहीत! जी आली, त्यांची शाळेत मात्र चंगळ: वर्गात गर्दी कमी, प्रवेशाला चुरस कमी.

साठ वर्षं भरली, अग्निघोडा २०२६ मध्ये पुन्हा दारात. पण २०२४ मध्येच जपानातले जन्म ७ लाखांच्या खाली गेले होते. घोड्याला भिऊन आता आणखी काय कमी करणार?

आणि १९६६ च्या त्या मुली? त्यातली एक ११ सप्टेंबरला जन्मली, प्राध्यापकाची लेक. नाव किको. १९९० मध्ये तिने थेट सम्राटाच्या धाकट्या मुलाशी लग्न केलं. २००६ मध्ये तिला मुलगा झाला. राजघराण्यात ४१ वर्षांनी जन्मलेला मुलगा, आज त्या गादीचा पुढच्या पिढीतला एकमेव वारस. नवरोबा साठी पार करून ठणठणीत आहेत.