उपरोक्त विषयास अनुसरून

कार्यालयीन मराठीत कोणीच काही करत नसतं. सगळं आपोआप 'करण्यात येतं'. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे वर्ग करण्यात आलेला आहे.' हे संबंधित कोण, बसतात कुठे, जेवायला किती वाजता उठतात, काही पत्ता लागत नाही. खाली सही असते, पण तिच्यावरून माणूस नव्हे, फार तर पेन ओळखता येईल.

बँका याहून गोड. माझ्या पासबुकातल्या आडनावातलं एक अक्षर गळालं होतं, म्हणून मेल टाकला. तासाभरात उत्तर हजर. मी मूल्यवान ग्राहक असून माझं म्हणणं त्यांच्यासाठी अत्यंत महत्त्वाचं होतं आणि झालेल्या गैरसोयीबद्दल बँक दिलगीर होती. चांगली पानभर दिलगीर होती. तळाशी बारीक अक्षरांत : कृपया या मेलला उत्तर देऊ नये. म्हणजे माफी मागायची आणि लगेच दार लावून घ्यायचं! दुसऱ्या दिवशी शाखेतल्या एका मुलीचा मेसेज आला. 'काका, आधारची झेरॉक्स घेऊन मंगळवारी या. सोमवारी इथे मरायला होतं.' गेलो, आणि चहा गार व्हायच्या आत अक्षर परत मिळालं. 'मरायला होतं' हे कुठल्याच परिपत्रकात बसणारं नाही. माझा विश्वास बसला तो त्यामुळेच.

थोडक्यात लिहिणं आपल्याला परकं आहे, असंही नाही. 1761 साली पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचली ती एका सावकारी पत्रातून, असं सांगतात. मोती किती गळाले, मोहरा किती गेल्या आणि खुर्द्याची तर गणतीच नाही, एवढ्या हिशेबात सगळं आलं. आज तीच बातमी 'सोबत परिशिष्ट अ, ब व क' जोडून आली असती आणि पेशव्यांना 'ब' सापडलं नसतं. पुढे 1879 मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. त्यावर क्षेमकुशल संपेपर्यंत अर्धी जागा जायची, मग माणूस झक मारत मुद्द्यावर यायचा. तारेत तर शब्दागणिक पैसे पडत. 2013 मध्ये तार बंद झाली आणि शब्दांचा भाव पार कोसळला.

अर्थात आखूड उत्तर म्हणजे आपुलकीचं उत्तर, या भ्रमात कोणी राहू नये. आमचे एक साहेब प्रत्येक मेलला 'नोटेड' एवढंच उत्तर धाडत. रजा मागा, लग्नाला बोलवा, आजोबा गेल्याचं कळवा : नोटेड. स्वतःच्या निरोप समारंभाच्या निमंत्रणालाही त्यांनी तेच उत्तर दिलं. एका शब्दाने काम भागत असलं, तरी त्या शब्दामागे कोणीतरी बसलेलं दिसायला हवं.

मराठी मासिकांची 'साभार परत'ची छापील चिठ्ठी याच जातीची. होतकरू लेखकाला ती गोवरासारखी एकदा तरी येऊन जायचीच. त्यातला 'आभार' कशाबद्दल, हे मला कधी उमगलं नाही. बहुधा परतीचं तिकीट लावलेलं पाकीट सोबत धाडल्याबद्दल असावा. मीही एका दिवाळी अंकाकडे कथा पाठवून त्या चिठ्ठीची वाट पाहत होतो. आलं ते पोस्टकार्ड, संपादकांच्या तिरक्या अक्षरातलं. 'कथा जमलेली नाही. पान तीनवरचा कुत्रा झकास. नायकाला काढून टाका, कुत्र्याला ठेवा.'

नायक म्हणजे मीच होतो. पण गृहस्थांनी तिसऱ्या पानापर्यंत वाचलं होतं! आमच्या घरातही तिथपर्यंत कोणी पोचलेलं नव्हतं. 'आपल्या लेखनात गुणवत्ता असूनही जागेअभावी' अशी सुरुवात असती, तर मी जागा रिकामी व्हायची वाट पाहत आजही बसून राहिलो असतो. या कार्डाने राग आला, झोप उडाली आणि सकाळी नायक कापला. दुरुस्त कथा पुढच्या वर्षी छापून आली. मग त्याच कुत्र्याची दुसरी आली, तिसरीही आली. चित्रकाराने प्रत्येक वेळी त्याचं चित्र काढलं. मानधनाची मनिऑर्डर तेवढी माझ्या नावावर यायची.