ठेकेदार पांडव आणि कंपनी

ओझरच्या विमान कारखान्याचा पाया 1964 साली पडला. तिथे मिग-21 झाली, मिग-27 झाली, सुखोई-30 झाली, आता तेजसची पाळी आहे. यातलं एखादं विमान घटोत्कचाने रातोरात जोडून धावपट्टीवर आणून ठेवलं, असं आजवर पंचक्रोशीत कुणी म्हटलेलं नाही. म्हणणार कसं? विमानाच्या धंद्यात सुट्या भागाला क्रमांक असतो, तपासणाऱ्याचा शिक्का असतो, शिक्क्याशेजारी सही असते. पण याच ओझरची (मिगच्या, विघ्नहराचं ओझर पुणे जिल्ह्यात, गल्लत नको) कुटुंबं रविवारी मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक ओलांडून तीसेक किलोमीटरवरच्या त्रिरश्मी डोंगराशी पोचतात, गाडीबरोबर तपासणीची सवयही पायथ्याशीच उभी करतात आणि पायऱ्या चढता चढता मुलांना सांगतात की ही पांडवलेणी, वनवासात असताना भीमाने एका रात्रीत कोरली. डोंगरात लेणी 24. कोरण्याचं काम इसवी सनाच्या आधीपासून पुढे काही शतकं चाललं. मुलं मान डोलावतात, कारण वर माकडं आहेत आणि खाली भेळ आहे.

याला अज्ञान म्हणायची प्रथा आहे. आम्हाला ती मान्य नाही. आमचं म्हणणं असं, की पांडवांची निवड पूर्ण विचारांती झालेली आहे. पांडव हे आदर्श ठेकेदार आहेत. त्यांनी निविदा भरली नाही, अंदाजपत्रक मागितलं नाही, बिल लावलं नाही, आणि काम संपताच ते अज्ञातवासात गेले, म्हणजे चौकशीलाही सापडायचे नाहीत. असा ठेकेदार एकदा मिळाल्यावर भिंतीवर काय लिहिलंय ते वाचायला कोण जाईल? भिंतीवर तर नेमकं सगळं उलट लिहिलं आहे: पैसे कोणी दिले, किती दिले, कुणाकडे ठेवले आणि व्याजाचा दर काय. असलं साहित्य सहकुटुंब वाचण्याजोगं नसतं.

लेणं क्रमांक 10 घ्या. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते दिलं. निवास देऊन हात झटकणं त्याला सहज शक्य होतं, पण वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंच्या चिवराचं काय, हा प्रश्न त्याला पडला. म्हणून त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3000 कार्षापण ठेवले. एकीकडे 2000, दरमहा दर शेकडा एक; दुसरीकडे 1000, दरमहा दर शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी 12. आता विमानाचे सुटे भाग मोजणाऱ्या ओझरकरांनी हिशोब करून पाहावा: 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240, वीस भिक्षू गुणिले बारा, 240. एक कवडीही शिल्लक राहत नाही. गेल्या अठराशे-एकोणीसशे वर्षांत महाराष्ट्रात तरतूद आणि खर्च यांचा इतका चोख मेळ फार वेळा बसला असेल असं वाटत नाही. हा व्यवहार निगमसभेत ऐकवला आणि नोंदवहीत चढवला, हेही तिथेच कोरलं आहे. याच जावयाने संघासाठी एक शेत वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून 4000 कार्षापण मोजून विकत घेतलं. म्हणजे सासरा गादीवर असताना जावयाने जमीन विकत घेतली आणि किंमत जाहीर केली! ही प्रथा बंद कधी पडली, यावर कोणीतरी प्रबंध लिहायला हवा.

यावर पहिली हरकत ठरलेली: दानपत्रं म्हणजे तरी काय, बड्यांची जाहिरातच ना? हरकत अगदीच पोकळ नाही. हाच उषवदात तीन लाख गाई दान केल्याचं सांगतो. त्या मोजल्या कोणी, हे सांगत नाही. लेणं क्रमांक 3 मध्ये गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, जे कौतुक कोरून घेतलं आहे त्यापुढे आपल्या चौकातले वाढदिवसाचे फलक लाजतील. त्या स्तुतीत तो पराक्रमाने राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा आहे. म्हणजे लेण्यात भीम आहे, अगदी अक्षरात आहे. पण छिन्नी घेऊन नव्हे, एका आईच्या उपमेत. पांडवपक्षाला आम्ही हा पुरावा फुकट देतो. लेणं दिलं गेलं तेव्हाच भीम तुलनेला घ्यायचा जुना वीर झाला होता, एवढी अडचण त्यांनी सोडवून घ्यावी. आणि बडे सोडून बाकीच्यांचं काय? चैत्यगृहाच्या, म्हणजे क्रमांक 18 च्या, दर्शनी भागावर एका अख्ख्या गावाचं दान नोंदलं आहे. क्रमांक 17 उत्तरेकडून आलेल्या यवन इंद्राग्निदत्ताचं आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ज्यांच्याकडे ठेवी ठेवल्या त्यांत पाण्याची यंत्रं करणारे आणि तेली आहेत. या सगळ्यांना एका फटक्यात बेदखल करून आपण ते काम गदाधाऱ्याच्या नावावर चढवलं. सातबाऱ्यावर असा फेरफार झाला असता तर निफाडच्या तहसीलपुढे उपोषण सुरू झालं असतं.

दुसरी हरकत अधिक चाणाक्ष माणसं घेतात. सरकार तेव्हाही सरकारच होतं, कागद आणि जमीन यांचा मेळ तेव्हाही बसत नसेल, मग त्या भिंतींचं एवढं कौतुक कशाला? ही हरकत आम्हाला सर्वांत प्रिय आहे, कारण ती शंभर टक्के खरी आहे आणि तिचा पुरावाही क्रमांक 3 मध्येच आहे. राज्याच्या अठराव्या वर्षी गौतमीपुत्राने वैजयंतीच्या लष्करी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, हुकूम धाडला: अपरकखडी गावातलं, पूर्वी उषवदाताकडे असलेलं 200 निवर्तनं शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्यावं. सैनिकांनी त्यात पाऊल टाकू नये, मिठासाठी ते खणू नये, वगैरे सगळ्या सवलती दिल्या. तोंडी हुकूम लिहून कोणी काढला, पत्र जपून कोणी ठेवलं, अंमल कोणी केला, याची नोंद झाली. आजच्या शासन निर्णयात याहून जास्त काय असतं, एक सांकेतांक सोडला तर? आणि मग चोविसाव्या वर्षी दुसरा हुकूम निघतो. या वेळी राजाबरोबर राजमातेचंही नाव आहे आणि अमात्य बदललेला आहे, आता श्यामक. मजकूर असा, की आम्ही आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्तीही नाही. सबब नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातली 100 निवर्तनं द्यावीत. पहिल्या निर्णयानंतर सहा वर्षांनी शुद्धिपत्रक, आणि त्यात क्षेत्र निम्मं. मंत्रालयातल्या कोणत्याही कक्ष अधिकाऱ्याच्या डोळ्यांत इथे घरच्या आठवणीने पाणी यावं.

फरक एवढाच आहे, की सातवाहनांनी हे शुद्धिपत्रक पहिल्या निर्णयाच्या खालोखाल, त्याच भिंतीवर, त्याच दगडात कोरून घेतलं. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं. ज्या राजाने नहपानाला हरवून त्याची चांदीची नाणी गोळा केली आणि त्यांवर स्वतःचा छाप मारला (1906 साली जोगलटेंभीला सापडलेल्या सव्वातेरा हजारांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर हा छाप आहे), त्याला जुनं पुसून नवं लिहिणं जमत नव्हतं असं कोण म्हणेल? नाणं त्याने पुसलं, फसलेला हुकूम मात्र ठेवला. आपल्याकडे फसलेल्या योजनेचं काय होतं ते सर्वज्ञात आहे. तिचं नाव बदलतं आणि नारळ दुसऱ्यांदा फुटतो. मूळ फाइल सापडत नाही, सापडलीच तर तिच्यावर पाणी सांडलेलं असतं. म्हणूनच पांडव सोयीचे. त्यांच्या कामात शुद्धिपत्रकाला जागाच नाही. एका रात्रीत झालेल्या कामाची सहा वर्षांनी चूक कबूल करायला कोण येणार?

राहिली तिसरी हरकत: लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात, सामान्य माणसाने वाचायचे कसे? ब्राह्मी 1837 साली प्रिन्सेपने उलगडली. हे लेख भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात वाचले, सेनार यांनी विसाव्याच्या सुरुवातीला पुन्हा तपासले, आणि वा. वि. मिराशींनी ते मराठीत आणून ठेवले. म्हणजे अडचण लिपीची नाही. आपण विम्याची कागदपत्रं देवनागरीत असली तरी वाचत नाही. लेण्यातल्या खांबावर बदाम कोरून दोन नावं लिहिणाऱ्यालाही लिपीची अडचण आलेली दिसत नाही. संरक्षित स्मारकाची हानी केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो, तेही तो वाचत नाही. निदान त्याने रक्कम आणि व्याजदर तरी लिहावा. मग त्याला आम्ही परंपरेचा पाईक म्हणू.

तेव्हा आमची एक सूचना आहे, आणि ती सिंहस्थाच्या तोंडावर केलेली बरी. नाशिकला 2027 च्या कुंभासाठी रस्ते, पूल, घाट अशी कामं निघाली आहेत. प्रत्येक कामाच्या ठिकाणी काळ्या दगडाचा एक फलक बसवावा आणि त्यावर क्रमांक 3 आणि 10 च्या धर्तीवर कोरावं: रक्कम किती, कुणाकडे ठेवली, हुकूम कोणी काढला, लिहून कोणी घेतला, अंमल कोणी केला, आणि काम फसलं तर त्याच दगडावर खाली दुसरा हुकूम, की आधी सांगितलेलं झालेलं नाही, सबब आता हे. सूचना मांडली गेली तर ती फेटाळली जाणार नाही, याची आम्हाला खात्री आहे. समिती नेमली जाईल. समिती अभ्यासासाठी त्रिरश्मीवर जाईल, फोटो काढील आणि प्राचीन वारशाचा मान राखायचा म्हणून फलक अवश्य बसवावेत, असा ठराव एकमताने करील. सोबत एकच अट घालील: मजकूर ब्राह्मीत असावा.