माजी साहेब

विद्यमान साहेबांचा स्वभाव सहसा नीट ध्यानात येत नाही, कारण खुर्चीच्या तेजाने पाहणाऱ्याचे डोळे दिपलेले असतात. परंतु आपण राजीनामा देऊन दुसरीकडे अर्ज टाकला आणि तेथल्या चालकांनी पूर्वानुभवाची खातरजमा करण्याचे मनावर घेतले, की हेच गृहस्थ ‘माजी साहेब’ या पदवीस चढून सर्व कलांनी प्रकट होतात.

यांचे वास्तव्य मुंबईच्या कोटातील एखाद्या जुन्या पेढीत असते. बारा वर्षे ज्याने त्यांची खतावणी लिहिली, ताळेबंद जुळवला आणि प्राप्तिकराच्या कचेरीत त्यांच्या वतीने घाम गाळला, तो कारकून दाखल्यासाठी दारात उभा राहिला, की साहेब चष्मा कपाळावर चढवून विचारतात, “आपल्याकडेच होतास ना तू? कोणत्या खात्यात?” ही विस्मृती ढोंगी नसते, असे माझे प्रामाणिक मत आहे. माणूस हजर असेपर्यंत त्याच्याकडे पाहण्याचे त्यांना प्रयोजन पडत नाही, आणि गेल्यावर दिसते ती त्याची गैरहजेरी. त्यामुळे त्यांच्या दाखल्यात नोकराच्या कर्तबगारीऐवजी त्याच्या जाण्याने झालेल्या सोयी-गैरसोयीचाच हिशेब उतरतो. जो गेल्याने पेढीने सुटकेचा निःश्वास टाकला, तो ‘कर्तव्यदक्ष, सचोटीचा व मनमिळाऊ’ ठरतो. ज्याच्यावाचून जमाखर्च अडला, त्याची बोळवण ‘वर्तणूक समाधानकारक’ एवढ्यावर होते.

इंग्रज अमदानीत खानसामे आणि बटलर जुन्या साहेबांच्या चिठ्ठ्या जपून ठेवून नव्या बंगल्यावर दाखवीत, आणि ज्याला इंग्रजी वाचता येत नसे तो कित्येकदा स्वतःच्याच निंदेचा कागद मोठ्या अदबीने पुढे करी. आजचा कारकून साक्षर आहे, म्हणून साहेब लिहिताना सावध असतात. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली जे नमुना आदेश झाले, त्यांनी कायम कामगारास नोकरी सुटताना, मग ती बडतर्फीने सुटो वा निवृत्तीने, सेवेच्या दाखल्याचा हक्क दिला. पण त्या दाखल्यात गुणवर्णन किती असावे हे काही सांगितले नाही, आणि साहेबांची सारी प्रतिभा त्या मोकळ्या जागेत नांदते. वडिलांच्या वेळचा एकच मसुदा असतो; हेडक्लार्क त्यात नाव आणि तारखा भरतो. त्यात हिशेबनीस टंकलेखक होऊन बाहेर पडतो आणि बारा वर्षांची दोनच उरतात, कारण आधीची दहा वर्षे त्याचे नाव साहेबांच्या मेहुण्याच्या फर्मच्या हजेरीपटावर असते, ही बातमी त्याला स्वतःलाच प्रथम कळते. दुरुस्तीची विनंती केल्यास, “सहीशिक्का झालेल्या कागदात खाडाखोड चालत नाही.” नवा द्या म्हटल्यास, “म्हणजे पहिला खोटा होता की काय?”

तरीही कागद परवडला. साहेबांची खरी हुकमत टेलिफोनवर चालते. पलीकडून विचारणा होते आणि साहेब आधी खोकतात. “चांगला आहे हो,” ते म्हणतात, आणि क्षणभर थांबून, “म्हणजे, आमच्याकडे होता तोपर्यंत तरी होता.” पैशाच्या व्यवहाराविषयी विचारल्यावर, “छे छे, तसं काही सिद्ध झालेलं नाही.” मग नोकरी का सोडली? “ते त्यालाच विचारलेलं बरं. मी कुणाविषयी वाईट बोलत नाही.” या संभाषणात खोटे अक्षर नाही, फिर्याद करता येईल असे वाक्य नाही, आणि त्या खोकल्याची नक्कल कोणत्याही दप्तरात दाखल होत नाही.

साहेबांच्या मनात कपट नसते. आपण त्या पोराचे भलेच केले, या समाधानात ते दुपारचा चहा घेतात. पुढे महिन्याभराने चर्चगेट स्टेशनवर गाठ पडली, की स्वतः होऊन त्याचा खांदा थोपटतात. “लागली का रे नोकरी? मी तर चांगलं सांगितलं होतं. नसेल लागली तर ये परत, तुझी जागा अजून रिकामीच आहे.” कारकुनाचे डोळे भरून येतात न येतात, तोच ते पुढे म्हणतात, “पगार मात्र नवीन नेमणुकीचा धरावा लागेल हं. तुझा मागचा दाखला काही तितकासा बरा नाही.”