कुंपणापलीकडचा विमा

"काय गं, तो एजंट काल परत आला होता ना? गाडी दिसली मला."

एवढं विचारलं की शेजारीण हातातलं काम टाकून कुंपणाशी येते. जर्मनीतल्या सिंडेलफिंगनला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत आणि मागच्या दोन बागांमध्ये हिरवं झुडपी कुंपण. मार्च ते सप्टेंबर ते मुळापासून छाटायला इथे कायद्यानं बंदी, कारण पक्ष्यांची घरटी. त्यामुळे उन्हाळ्यात आम्ही एकमेकींना नाकापासून वरच दिसतो. गप्पांना तेवढं पुरतं. ती नाशिकची. नवरा मोटारीच्या कंपनीत. येऊन फार दिवस झाले नाहीत, आणि तिला आता पाचवा महिना लागलाय.

"आला होता ना ताई, लॅपटॉप घेऊन. म्हणाला, साहेबांचा पगार आता हद्दीच्या वर गेलाय, तेव्हा खाजगी विमा घेता येईल. दर महिन्याला चांगले पैसे वाचतील, डॉक्टरांची तारीख लगेच मिळेल, हॉस्पिटलात एकट्याची खोली. यांना तर फारच पटलंय. मी म्हटलं, आधी ताईंना विचारते."

आता मला विचारायचं म्हणजे माकडाच्या हातात कोलीतच. ओवा भाजायला ठेवला होता तो मी आधी गॅस बंद करून आले.

इथली गंमत अशी की विमा नाही असं चालतच नाही. नोकरदार असो, विद्यार्थी असो की घरी बसलेली बायको, व्हिसाच्या कचेरीत पहिल्यांदा तो कागद मागतात. मग प्रश्न उरतो तो कुठला घ्यायचा याचा. नोकरदारांसाठी एक सार्वजनिक फंड, ज्याला क्रांकनकासं म्हणतात. असे फंड नव्वदच्या वर आहेत. आपल्या लोकांच्या तोंडी टेका, आओका, बार्मर ही नावं असतात. दुसरी खाजगी कंपनी. वर्षाचा पगार ठरावीक हद्दीच्या आत असेल तर फंडातच राहावं लागतं. हद्द दरवर्षी सरकते, २०२५ साली ती ७३,८०० युरो होती. पगार तिच्या वर गेला रे गेला की एजंटांना कसा वास लागतो देव जाणे.

"पण ताई, फंडाचा हप्ता केवढा कापतात! यांची पगाराची पावती बघून मला वाटलं, चूक झाली असेल."

"चूक नाही बाई. पगाराच्या १४.६ टक्के, वर फंडागणिक थोडा जादा टक्का. अर्धा मालक भरतो, अर्धा आपण. पण २०२५ ला महिन्याच्या ५,५१२ युरो ५० सेंटपर्यंतच हे टक्के लागायचे, त्यापुढचा पगार मोकळा. शिवाय म्हातारपणच्या शुश्रूषेचा विमा वेगळा. त्यात तेवीस उलटून गेली आणि मूल नसलं तर ०.६ टक्के जादा."

"म्हणजे सासूबाई फोनवर विचारतात तेच सरकारही विचारतं म्हणा की!"

"विचारत नाही, दंडच करतं."

बिस्मार्कनं १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, त्याचं मूळ तत्त्व आजही टिकून आहे: हप्ता पगारावर, आजारावर नाही. मधुमेह असो, दोन बाळंतपणं असोत, टक्का तोच. खाजगीत उलटं. तिथे पगार कुणी विचारत नाही. वय काय, दुखणी काय, ते विचारतात. तुमचे हे तिशीतले, दणकट, म्हणून आज हप्ता कमी दिसतो.

"तो कागद दाखव बरं जरा," मी म्हटलं. तिनं मोबाइल कुंपणावरून पुढे केला. निळ्या चौकटीत एक आकडा, बाजूला हिरव्या रंगात 'बचत' म्हणून दुसरा. वर नाव एकच, तिच्या नवऱ्याचं. मी दोनदा खाली-वर सरकवून पाहिलं.

"यात तू कुठे आहेस?"

"मी? मी यांच्याबरोबरच असेन ना. आत्तापण यांच्याच कार्डावर आहे."

इथेच सगळी मेख आहे. फंडात नोकरी न करणारी बायको आणि पोरं नवऱ्याच्या हप्त्यात फुकट येतात. खाजगीत माणशी एक पॉलिसी, माणशी एक हप्ता. नवरा बाहेर पडला की हिचं फुकटचं छत्र त्याच दिवशी गेलं. मग हिनं फंडात स्वतःचा हप्ता भरून राहायचं, आणि तो हप्ता ठरवताना हिची कमाई शून्य असली तरी नवऱ्याच्या पगाराचा हिस्सा धरतात. खाजगीत जावं म्हटलं तर पाचव्या महिन्यातल्या बाईला कुठली कंपनी हौसेनं घेणार? बाळंतपणाला मुळात आठ महिन्यांची थांबायची अट असते. आणि बाळ? आई-बापांचं लग्न झालेलं, जास्त कमावणारा खाजगीत आणि त्याचा पगार हद्दीच्या वर, असं असलं की बाळालाही फंडात फुकट जागा नाही. त्याचाही हप्ता वेगळा.

ती बोटावर मोजत होती. "म्हणजे तीन हप्ते."

"आणि एजंटानं बचत कितीची लावली? एकाची."

"शी! गोड बोलत होता हो. मी त्याला बेसनाचा लाडू दिला."

लाडू वाया गेला याचं मला जास्त वाईट वाटलं.

पलीकडच्या कडेला शेजारच्या जर्मन आजी गुलाबांच्या काटक्या तोडत होत्या. मराठीतलं 'प्रायव्हेट' त्यांना बरोबर ऐकू येतं. "प्रिवाट? मी प्रिवाट आहे. उत्तम आहे," असं त्यांनी जर्मनमधून जाहीर केलं. शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता काय बोलता? मग मला हळू आवाजात सांगावं लागलं की आजी सरकारी शाळेत मास्तरीण होत्या. इथल्या अशा बऱ्याच शिक्षकांना सरकारी अधिकाऱ्याचा दर्जा असतो आणि त्यांच्या औषधपाण्याचा मोठा हिस्सा राज्य सरकार उचलतं. उरलेल्यासाठीच त्यांना विमा घ्यावा लागतो. त्यांचं उत्तम ते आपलं उत्तम कसं होणार?

आता खरं सांगायचं तर खाजगीवाल्यांची चैन आहेच. मला कातडीच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. फोन लावल्यावर पलीकडून नाव विचारायच्या आधी विचारतात, सार्वजनिक की खाजगी? मी सार्वजनिक म्हटलं आणि आवाजातली साखर विरघळली. तारीख मिळाली पार पुढच्या ऋतूतली. तातडीचं असेल तर ११६११७ या नंबरावरून तारीख मिळवून देतात, पण त्याला फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते, म्हणजे आधी तिथली रांग. खाजगीत बिल मात्र आधी खिशातून भरायचं आणि मग कंपनीकडे पाठवायचं. आपल्याकडे 'कॅशलेस'ची सवय लागलेल्या माणसाला हे जड जातं.

"त्या कोपऱ्यावरच्या सोलापूरवाल्यांनी खाजगी घेतलंय ना?"

"घेतलंय तर. तो एकटा होता तेव्हा घेतलं. दोन-तीन वर्षांत परत जायचं असं ठरलेलं होतं, त्यामुळे तेव्हा बरोबरच होतं ते. मग लग्न झालं, घर घेतलं, आता जुळे आहेत. फंडात परत यायचं तर पगार हद्दीखाली आणावा लागतो. बायको म्हणते, चार दिवसांची नोकरी कर. तो म्हणतो, मग घराचा हप्ता कुणी भरायचा? पंचावन्न उलटले की तेही दार जवळजवळ बंदच."

"आणि ती दुसरी, उंच, योगाचे वर्ग घेते ती?"

तिच्या नवऱ्याची गोष्ट मी सांगणार नव्हते, पण विषय निघालाच. त्यानं फॉर्ममध्ये पाठदुखीचे व्यायामाचे उपचार लिहिलेच नाहीत. वाटलं, त्यात काय मोठं. पुढे मणक्याचं ऑपरेशन निघालं आणि कंपनीनं जुन्या डॉक्टरांकडून कागद मागवले. माहिती लपवली म्हणून करार मोडीत. सहा महिने घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं म्हणतात. मी काही भिंतीला कान लावला नव्हता, तिनंच सांगितलं.

फंडाचं कार्ड खिशात असलं की बाळंतपणाचा फारसा विचार करावा लागत नाही, हे मात्र मी तिला छातीठोकपणे सांगितलं. तपासण्या, प्रसूती, आणि नंतर घरी येणारी सुईण, तिला इथे हेबामे म्हणतात, सगळं फंड देतो. हेबामे घरी येऊन बाळाची नाळ बघते, वजन करते, आईला दूध कसं पाजायचं ते शिकवते. फक्त ती मिळायला हवी. पाचव्या महिन्यात शोधायला लागणं म्हणजे उशीरच झालाय, आजच फोन लाव म्हटलं. एरवी औषधाला दर डब्यामागे पाच ते दहा युरो आपले जातात, हॉस्पिटलात दिवसाला दहा, तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवस. पोरांना ते पैसेही नाहीत. मोठ्यांचा चष्मा मात्र बहुधा स्वतःच्या खर्चानं. दातांची कवळी बसवायची वेळ आली तर फंड साध्या उपचाराच्या ठरीव खर्चाच्या ६० टक्के देतो, आणि दरवर्षी दात दाखवून वहीत नोंद ठेवली असेल तर दहा वर्षांनी ७५. ती वही आमच्याकडे पासपोर्टाशेजारी असते.

तिचा दीर मास्टर्सला यायचाय. त्याचं दोन-तीन वाक्यांत उरकलं: तिशीच्या आत असेल तर फंडाचा विद्यार्थी दर घे, महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास. स्वस्त खाजगी पॉलिसीसाठी त्यातून सूट मागितलीस तर शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. भाषेचा वर्ग चालू असेपर्यंत ती स्वस्त पॉलिसी ठीक, पण प्रवेश झाला की लगेच बदल.

"दिवाळीला नाशिकला जाल तेव्हा हे कार्ड घरीच ठेवलंत तरी चालेल," मी म्हटलं. ती चकित झाली. हे कार्ड युरोपातल्या बहुतेक देशांत चालतं, भारतात त्याचा काही उपयोग नाही. दोन देशांत २०१७ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, पण तो पेन्शनचा. आजारपण त्यात नाही. आमच्या ओळखीतला एक जण गणपतीला पुण्याला गेला आणि डेंग्यू घेऊन बसला. आठवडाभर हॉस्पिटल, बिल सगळं पदरचं. इथे वर्षाच्या प्रवासाची वेगळी पॉलिसी अगदी थोडक्या पैशांत मिळते, फक्त एका खेपेला किती आठवडे चालते ते बघून घ्यायचं.

मग ती ज्याच्यासाठी खरं तर थांबली होती ते निघालं. "ताई, बाळंतपणाला आई येणारे. तिचं काय?"

आईबाबांचा विषय निघाला की इथल्या प्रत्येक मराठी घरात आवाज खाली येतो. नव्वद दिवसांच्या शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोंचं कवच असलेला प्रवासविमा सक्तीचा. तेवढा कागद असला की वकिलातीचं समाधान होतं, म्हणून आपले लोक सगळ्यांत स्वस्त पॉलिसी काढून मोकळे होतात. ओळखीतल्या सांगलीच्या एका कुटुंबानं तेच केलं. आजोबांच्या छातीत दुखायला लागलं, ११२ ला फोन केला, स्टुटगार्टच्या हॉस्पिटलात स्टेंट घातला. आजोबा खडखडीत बरे होऊन नातीला कडेवर घेऊन हिंडायला लागले. मग पत्र आलं: रक्तदाब आणि साखर दहा वर्षांपासूनची, जुना आजार, क्लेम नामंजूर. बिल पाच आकडी युरोंत. मुलगा अजून हप्त्यानं फेडतोय आणि आजोबांना कुणी सांगितलेलं नाही. कंपनीचं बरोबर की चूक हा वाद घालण्यात अर्थ नाही; पॉलिसीत ते लिहिलेलंच होतं, फक्त कुणी वाचलं नव्हतं.

"आईला बीपी आहे," ती म्हणाली.

"मग लपवू नकोस, आणि तीस हजारांवर थांबूही नकोस."

"कायमचंच बोलवून घेतलं तर? आता कायदा बदललाय म्हणतात."

बदललाय खरा. ज्यांना १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर कुशल कामगाराचा परवाना पहिल्यांदा मिळाला, त्यांना आईवडिलांना, सासूसासऱ्यांनाही बोलावता येतं. आपल्या गटांत तेव्हा पेढे वाटायचे बाकी होते. पण उदरनिर्वाहाची हमी लागते आणि पूर्ण आरोग्यविमाही. फंडाच्या कुटुंबविम्यात आईवडील बसत नाहीत, आणि पासष्टीच्या बीपीवाल्या माणसाला खाजगी कंपनी एक तर नाही म्हणते किंवा असा हप्ता सांगते की मुलगा स्वतःच आजारी पडावा. मला विचाराल तर हा कायदा करताना विम्याचं खातं कुणी उघडून पाहिलेलंच नाही.

तिच्या नवऱ्याचा निर्णय दुसऱ्या दिवशी कळला. तो फंडातच राहिला. एजंटाला तिनं फोनवर सांगितलं, लाडवाचा उल्लेख टाळून. आईची पॉलिसी मात्र अजून घ्यायची आहे, म्हणून जे तिला सांगितलं तेच इथे लिहून ठेवते. तिकीट काढायच्या आधी पॉलिसीचा पूर्ण मसुदा मागवा आणि 'जुने आजार' हे कलम वाचा. जुन्या आजाराचा अचानक उठलेला त्रास त्यात धरलाय का, पहिले किती युरो तुमच्या खिशातून, हॉस्पिटलला कंपनी थेट पैसे देते का, हे लेखी विचारा. चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांकडून इंग्रजीत घ्या आणि ती आईच्या पर्समध्ये ठेवा, मुलाच्या मोबाइलमध्ये नको.