काट्याचं नाव, मामाचा गाव

इंजिनिअर भाच्याला निपाणीला जेवायला बोलावलं, की समजावं, कुठलं तरी मशीन बंद पडलंय. मामाच्या तंबाखूच्या वखारीतल्या काँप्युटरला वजनकाटा आणि लेबलांचा प्रिंटर, दोन्ही यूएसबीच्या वायरींनी जोडलेले. त्यात लिनक्स मीच घातलेलं; फुकट म्हटल्यावर मामानं लगेच पसंत केलेलं. लिनक्स आधी दिसेल त्या वायरीला ‘टीटीवाययूएसबी-शून्य’ म्हणतं, दुसरीला ‘एक’. वीज जाऊन आली, की कधी क्रम उलटा. मग प्रोग्राम वजन विचारायचा प्रिंटरला आणि लेबलं धाडायचा काट्याला.

“मामा, याला युडेव्हचा नियम लिहावा लागेल,” मी म्हणालो. ताटात दुसरी पुरणपोळी पडली की मी असं काहीही बोलतो.

युडेव्ह म्हणजे लिनक्समध्ये उपकरणांची नावं सांभाळणारा प्रोग्राम; तो ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 2003 मध्ये आणला. 2012 मध्ये तो सिस्टिमडी या मोठ्या प्रकल्पात सामील झाला. नवं उपकरण लागलं की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, वर्दी देतो, युडेव्ह नियम चाळतं आणि जुळेल तो लावतं. नियमात आधी अट, मग हुकूम. अटीत बरोबरचं चिन्ह जोडीनं, हुकमात एकट्यानं. मी काटकसर करून सगळीकडे एकच दिलं. युडेव्हनं ती ओळ बाद केली आणि लॉगमध्ये तसं लिहूनही ठेवलं. पण लॉग वाचा असं मी ऑफिसात ज्युनिअर पोरांना सांगतो. स्वतः वाचायची सवय नाही.

चिन्ह उशिरा सुधारलं, मग नेटानं वायरीचं नाव बदलायला गेलो. नेटवर्क कार्ड सोडलं तर कर्नलनं ठेवलेलं नाव युडेव्ह बदलत नाही. सिमलिंक म्हणून जोडीला दुसरं नाव तेवढं देता येतं. दिलं: ‘काटा’ आणि ‘छपाई’. दोन्ही नावं एकाच वायरीवर जाऊन बसली! वायरी एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या, आणि स्वस्तातल्या म्हणून अनुक्रमांक कुणालाच नाही. मी निवडलेल्या अटी दोघींनाही लागू.

“आता पोर्टवरून ओळखायचं,” मी जाहीर केलं. “या भोकात बसेल तो काटा.” मामा हसला. 1 नोव्हेंबर 1956 ला निपाणी जागची हललीसुद्धा नाही, तरी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. जागेवर विसंबायचा सल्ला मी नेमका तिथल्या माणसाला देत होतो. पण नियम रीलोड केले, ट्रिगर दिला, आणि काटा बोलू लागला. मी ताठ मानेनं बेळगावची बस धरली.

संकेश्वर यायच्या आत फोन. “अरे, काटाच न्हाई म्हणतंय की ह्यो!”

मामींनी मोबाइल चार्जिंगला लावायला काट्याची वायर काढून शेजारच्या भोकात खोचली होती. नियम आपल्या जागी प्रामाणिकपणे वाट बघत होता.

शेवटी बेळगावातून अनुक्रमांक असलेली, एफटीडीआय चिपची वायर घेऊन पुन्हा निपाणी गाठली. नियमात तो क्रमांक घातला. आता कुठल्याही भोकात खोचा, काटा तो काटाच.

“म्हणजे वायर बदलायची हुती व्हय?” मामा म्हणाला. “आदी सांगायचं न्हाई?”

तेव्हापासून मामी गल्लीत माझी ओळख करून देतात: “आमचा भाचा. मोठ्या कंपनीत हाय. वायरी लई चांगल्या बदलतो.”